टर्बो गाडी लोडवरच मिसिंग का करते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे टर्बो पेट्रोल गाड्यांच्या मिसिंगबद्दल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटण्याबद्दल, आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आढळली: दोष नेमका कुठे आहे हे ठरण्याआधीच सुट्या भागांचे अंदाजपत्रक गाडीमालकाच्या हाती पडलेले आहे. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे. पुढील उत्तरे वाचतानाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : माझी तीन सिलिंडरची, एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी ५८ हजार किलोमीटर चालली आहे. शहरात ती व्यवस्थित चालते, स्लो स्पीडलाही (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना) त्रास नाही. मात्र समृद्धी महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दोन-तीन झटके बसतात, चेक इंजिनचा दिवा काही क्षण लुकलुकतो आणि नंतर पेटलेलाच राहतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०३०२ हा कोड आला. तिन्ही कॉइल आणि तिन्ही प्लग बदलून इंजेक्टरची सफाई करावी, असे सांगण्यात आले आहे. एवढे सगळे आवश्यक आहे का? (एक वाचक, नरेंद्रनगर, नागपूर)

उत्तर : झटके कोणत्या परिस्थितीत बसतात हे आपण नेमके लिहिले आहे, आणि निदानासाठी ती माहिती कोडइतकीच मोलाची आहे. स्लो स्पीडला ठीक, शहरात ठीक, पण वरच्या गिअरमध्ये लोड (इंजिनवरचा ताण) आला की मिसिंग, ही लक्षणे टर्बो इंजिनात बहुधा कमजोर ठिणगीची असतात.

प्लगच्या दोन टोकांमधील फटीतून ठिणगी उडवण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे त्या फटीच्या रुंदीवर आणि त्या क्षणी तिथे असलेल्या वायूच्या घनतेवर ठरते. स्लो स्पीडला इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब साधारण ०.३ ते ०.४ बार एवढाच असतो. टर्बो भरात आल्यावर तोच दाब २ बारच्या आसपास जातो, म्हणजे सिलिंडरमध्ये कित्येक पट अधिक हवा दाबली जाते आणि त्याच कॉइलला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज निर्माण करावे लागते. म्हणूनच अनेक टर्बो इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर एवढी कमी ठेवलेली असते. हजारो किलोमीटरनंतर प्लगची टोके झिजून ही फट रुंदावते, तेव्हा स्लो स्पीडला जाणवतसुद्धा नाही अशी झीज चढावर किंवा ओव्हरटेक करताना एकदम उघडी पडते. फटीतून उडी मारता आली नाही की वीज दुसरी वाट शोधते. कॉइलच्या रबरी बुटाला चीर असेल तर तिच्यातून, नाहीतर प्लगच्या चिनीमातीवरून सरळ इंजिनच्या हेडमध्ये ती निघून जाते.

आता कोडबद्दल. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग झाले, एवढेच. ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) ठिणगी दिसत नाही. क्रँकशाफ्टचा सेन्सर शाफ्टच्या गतीतील बारीक चढउतार टिपतो आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला शाफ्टला अपेक्षित धक्का मिळाला नाही, त्या सिलिंडरचा क्रमांक ईसीयू नोंदवतो. तो धक्का ठिणगीमुळे मिळाला नाही, पेट्रोलमुळे की कॉम्प्रेशनमुळे, हे त्या कोडमध्ये लिहिलेले नसते. त्यामुळे कोड आला म्हणून कॉइल बदला, हे अनुमान घाईचे ठरते.

कोड पुसण्यापूर्वी गॅरेजकडून ‘फ्रीझ फ्रेम’ मागून घ्या. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, वेग, कूलंटचे तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली वाढ किंवा घट) तिच्यात साठवलेले असतात. लोड जास्त, इंजिन गरम आणि ट्रिम शून्याच्या जवळपास, असे आकडे असतील तर पेट्रोलवरचा संशय बराच कमी होतो आणि इंजेक्टरच्या सफाईचा खर्च तूर्त बाजूला ठेवता येतो. ट्रिम सतत १० टक्क्यांहून अधिक वाढलेली असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असे समजून तपासाची दिशा बदलावी लागते.

त्यानंतरची तपासणी बिनखर्चाची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावा, दुसरे काहीही हलवू नका, कोड पुसा आणि झटके ज्या परिस्थितीत बसत होते तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करा. गाडी दारात उभी ठेवून रेस देण्याने काहीच कळणार नाही, कारण लोडशिवाय टर्बो दाब बनवत नाही. आउटर रिंग रोडवर पहाटेच्या मोकळ्या वेळी चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहणे पुरेसे आहे. स्कॅनरकडे शेजारी बसलेल्याने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे. आता कोड पी०३०१ असा आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. कोड दुसऱ्यावरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. प्लग हलवूनही तो दुसऱ्यावरच राहिला, तर मात्र कॉइलच्या कनेक्टरपर्यंतचे वायरिंग, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर या क्रमाने पुढे जावे. कॉइल आणि प्लग एकदमच अदलाबदल केले तर दोष सरकूनही दोहोंपैकी कोणता दोषी हे समजत नाही, आणि घाईच्या कामात हे फार वेळा घडते.

प्लग बाहेर आल्यावर तो नीट न्याहाळावा. चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर वीज तिथून निसटत होती; अशा वेळी प्लग आणि कॉइलचा बूट दोन्ही बदलावे लागतात, कारण नव्या प्लगवर जुना बूट लावला तर तीच रेघ पुन्हा तयार होते. चिनीमाती जिथे धातूच्या कडीला मिळते, तिथे तपकिरी कडे दिसले तर घाबरू नये. उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात. ‘कॉम्प्रेशन लीक आहे’ असे सांगून तेवढ्यासाठी प्लग नाकारले जातात, ते चुकीचे आहे. प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खाचेत) ऑइल साचलेले असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा विहिरीचे सील गेले आहे. ते बदलल्याशिवाय नवी कॉइल लावणे म्हणजे तिचेही आयुष्य कमी करणे होय.

माझे मत विचाराल तर ५८ हजार किलोमीटरला तिन्ही प्लग एकदम बदलणे योग्यच आहे, कारण ते एकाच वयाचे आणि झिजणारे भाग आहेत आणि अनेक टर्बो इंजिनांत त्यांचा बदलण्याचा कालावधी ४० ते ६० हजारांच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. कॉइल मात्र अदलाबदलीत दोषी ठरेल तेवढीच बदलावी. नवे प्लग बसवण्यापूर्वी फट तारेच्या गेजने मोजून पाहावी, इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक टोकावर कधीही जोर देऊ नये, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे प्लग टॉर्क पान्यानेच आवळावेत. प्लग काढण्यापूर्वी विहिरीतील धूळ हवेने उडवून देण्यास विसरू नये, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

एक सूचना आजपासूनच पाळा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकणे आणि स्थिर पेटणे यांत मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा सांगतो की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे आणि कन्व्हर्टर वितळू शकतो. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा आणि वर सांगितलेली छोटी चाचणी सोडता दुरुस्ती होईपर्यंत टर्बोवर लोड देऊ नका. हा भाग कॉइलच्या कित्येक पट महाग आहे.

प्रश्न : चढावर जोर दिला की बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो, पिकअप गेलेला आहे आणि पी०२९९ व पी०३०० असे दोन कोड आहेत. प्लग आणि कॉइल नुकतेच बदलले आहेत. टर्बोच बदलावा लागेल, असे सांगतात. (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : टर्बो बदलण्याचा विचार तूर्त थांबवा. पी०२९९ म्हणजे टर्बोने अपेक्षित दाब दिला नाही आणि पी०३०० म्हणजे एकाच नव्हे तर अनेक सिलिंडरमध्ये मिसिंग. सगळ्या सिलिंडरवर एकदम परिणाम करणारा दोष सामाईक वाटेवर शोधावा लागतो, आणि आपल्या बाबतीत आवाजानेच ती वाट दाखवली आहे: टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून थ्रॉटलकडे (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणारा होज कुठेतरी फाटलेला किंवा क्लॅम्पमधून निसटलेला असावा. होजच्या आतून तेलाचा ओशटपणा असतो आणि बाहेर धूळ. जिथून हवा निसटते तिथे तेलकट काळा डाग हमखास सापडतो. रात्री गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या खुणा व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांवर आणि वायरिंगवरही पाहा.

गळतीचा परिणाम गाडीत कोणता सेन्सर आहे यावर ठरतो. हवेचे वस्तुमान टर्बोच्या आधी मोजणारा सेन्सर असेल, तर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल पडते, पण त्यातली काही हवा वाटेतच निसटून गेलेली असते. मिश्रण जाड होते (त्यात पेट्रोल जास्त होते), काळा धूर येतो आणि प्लग काजळतात. मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर असेल तर मिश्रण बरेचसे ठीक राहते, परंतु कमी पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बोला गरजेपेक्षा अधिक वेगाने फिरावे लागते. आपल्या गाडीत मिसिंगही आहे, म्हणून काळ्या धुराकडे लक्ष ठेवा. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकच्या वाटेत धूर सोडला की गळतीची जागा डोळ्यांना दिसते. स्मोक मशीन नसेल तर टर्बोच्या तोंडाशी अडॅप्टर लावून, इंजिन बंद ठेवून, माफक दाबाची हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी शिंपडावे. हे सगळे पार पडून गळती सापडली नाही, तरच वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) आणि टर्बोकडे वळावे.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी एसी लावून गाडी चालवली की तिच्यात जीवच राहत नाही. कोड कोणताही नाही. सकाळी हीच गाडी उत्तम पळते. इग्निशनमध्ये बिघाड असेल का? (एक वाचक, सक्करदरा, नागपूर)

उत्तर : झटके नसतील आणि फक्त ताकद कमी वाटत असेल, तर हे बहुधा मिसिंग नव्हे. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बाहेरची हवाच १५ अंशांच्या थंडीतील सकाळपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. ती टर्बोमध्ये दाबली गेल्यावर आणखी तापते, आणि इंटरकूलरला ती थंड करण्यासाठी मिळणारा वाराही तसाच गरम असतो. अशा तापलेल्या मिश्रणात नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी भडकणे) होण्याची भीती असल्यामुळे ईसीयू ठिणगीची वेळ मुद्दाम मागे ढकलतो आणि काही गाड्यांत टर्बोचा दाबही कमी करतो. इंजिन वाचवण्यासाठी केलेली ही योजना आहे. ती मोडून काढण्याचा प्रयत्न करू नये.

खात्री करण्यासाठी स्कॅनरवर तीन आकडे पाहा: इनटेक हवेचे तापमान, इग्निशन टायमिंग आणि प्रत्येक सिलिंडरचे मिसिंगचे मोजमाप. मोजमाप शून्य आणि टायमिंग मागे, असे असेल तर कॉइलवर खर्च करू नका. त्याऐवजी इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळ्यांत अडकलेली धूळ व किडे हलक्या पाण्याने धुवून घ्या. जोराच्या प्रेशरने जाळीची पाती वाकतात. मोजमाप मात्र फक्त तापलेल्या इंजिनवरच वाढत असेल, तर कॉइलचे आतील इन्सुलेशन उष्णतेत दगा देते आहे, आणि अशा कॉइलची अदलाबदल करून पाहायची ती इंजिन पुन्हा तितकेच तापवूनच; थंड असताना ती निर्दोष भासते.

प्रश्न : माझी गाडी २०१८ ची आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मिनिटभर थरथरते आणि मग सुरळीत होते. हा ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा परिणाम आहे, असे सर्वजण म्हणतात. (एक वाचक, कामठी)

उत्तर : ई२० चा परिणाम असू शकतो, पण तेवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. निव्वळ पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१ पट आणि ई२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे ई१० वरून ई२० वर आल्यावर तेवढ्याच हवेला साधारण ४ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. ऑक्सिजन सेन्सर तापून कामाला लागला की ईसीयू हा फरक सहज भरून काढतो. पहिल्या मिनिटात मात्र तो साठवलेल्या आकड्यांवरच चालतो. निरोगी इंजिनला ४ टक्क्यांनी त्रास होत नाही. परंतु आधीच थोडी हवा गळत असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल, तर आतापर्यंत झाकलेला दोष या फरकाने वर येतो. त्यामुळे लाँग टर्म फ्युएल ट्रिम किती आहे, हे आधी पाहा.

याहून महत्त्वाची शक्यता कूलंटची आहे आणि ती तपासून पाहा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. हेड गॅस्केटमधून (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांमधील पॅकिंगमधून) किंचितसा कूलंट रात्रभर एखाद्या सिलिंडरमध्ये झिरपत असेल, तर सकाळी नेमके असेच होते: तोच एक सिलिंडर मिनिटभर मिसिंग करतो, पांढरा धूर येतो आणि मग सगळे ठीक वाटते. थंड इंजिनवर कूलंटच्या टाकीतील पातळीवर खूण करून ठेवा आणि आठवडाभर रोज पाहा. पातळी उतरत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नका; कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या. पातळी स्थिर असेल तर प्लगच्या विहिरी उघडून पाहा, कारण पावसात किंवा इंजिन धुतल्यावर तिथे साचलेले पाणीही असाच त्रास देते आणि उष्णतेने वाळून गेले की पुरावा उरत नाही. डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरील कार्बनचा थर हेही एक कारण आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने ते व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत, आणि म्हणून टाकीत ओतायच्या औषधांचा तिथे उपयोग नाही.

प्रश्न : मायलेजसाठी मी पन्नासच्या वेगातही सर्वात वरचा गिअर ठेवतो. मागील महिन्यात चिखलदऱ्याच्या घाटात जोर देताना ‘टक्’ असा मोठा आवाज झाला. तेव्हापासून एक सिलिंडर सतत मिसिंग करतो. कॉइल, प्लग आणि इंजेक्टर बदलूनही फरक नाही. (एक वाचक, काटोल)

उत्तर : आता आणखी भाग बदलू नका, कॉम्प्रेशन तपासा. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमवर भरपूर लोड दिला, तर ठिणगी पडण्याआधीच ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण पेटून मिश्रण भडकते आणि सिलिंडरमध्ये भयंकर दाब निर्माण होतो. अशा एका घटनेनेही पिस्टनची रिंगांमधील कड तुटू शकते. आपण लिहिलेला आवाज, घाट आणि वरचा गिअर यांची सांगड या शक्यतेशी बसते. कॉम्प्रेशन इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आले तर लीक-डाउन टेस्ट करावी: सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर ती ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंग किंवा पिस्टन, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि कूलंटमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

दुरुस्तीनंतर ऑइल एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचे आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच वापरा. हा दर्जा २०२० मध्ये आला आणि या प्रकारच्या अकाली प्रज्वलनाला आळा घालण्याची चाचणी त्यात समाविष्ट आहे. घाटात मात्र खालचा गिअर टाकून आरपीएम वाढू देणे हाच खरा उपाय आहे. त्यात जाणारे पेट्रोल पिस्टनच्या तुलनेत काहीच नाही.

प्रश्न : पूर्वी मेकॅनिक चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर उपसून मिसिंग करणारा सिलिंडर शोधत असत. टर्बो गाडीवर असे करावे का? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : करू नये. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात चालू स्थितीत कॉइल उपसली, तर तिच्या ३० ते ४० हजार व्होल्टला जायला जागा उरत नाही आणि कॉइल किंवा ईसीयूमधील ड्रायव्हर जळू शकतो. हाताला बसणारा झटका वेगळाच. शिवाय ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू राहिल्याने कन्व्हर्टरही तापतो. स्कॅनरवर मिसिंगचे मोजमाप सिलिंडरनिहाय दिसते, तेच पाहावे. ती सोय नसेल आणि इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये बसवलेले असतील, तर कॉइलऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहता येते, म्हणजे निदान न जळलेले पेट्रोल तरी पुढे जात नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र इंजेक्टरला बॅटरीपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज दिले जाते, त्यामुळे चालू इंजिनवर त्या कनेक्टरलाही हात लावू नये.